विमा कंपन्यांवर कर, गरिबांवर उपचार : अमेरिकेतील एका कराची गोष्ट



"डॉक्टर, आरोग्य विम्याच्या हप्त्यावर आपण इतकी वर्षं कर भरला. तो पैसा सरकारी दवाखान्यांना मिळाला का हो?" रक्तदाब तपासून घेताना एका आजोबांनी मला विचारलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला, त्यावरून विषय निघाला होता. तो कर सर्वसाधारण तिजोरीत जात असे, दवाखान्यांसाठी वेगळा राखलेला नव्हता. पण आरोग्य विम्यावर कर लावून त्यातून गरिबांचे उपचार करण्याचा प्रयोग अमेरिकेतल्या राज्यांनी खरोखर केला आहे. त्याचा इतिहास आज समजून घेऊ.

मेडिकेड म्हणजे काय?

३० जुलै १९६५ रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी एका कायद्यावर सही केली आणि दोन योजना सुरू झाल्या. वृद्धांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड. मेडिकेअर पूर्णपणे केंद्राची. मेडिकेड मात्र राज्यांनी चालवायची आणि खर्च दोघांनी वाटून घ्यायचा. राज्याने उपचारांवर खर्च केला की केंद्र त्यातला किमान निम्मा वाटा देते. मिसिसिपीसारख्या गरीब राज्याला तीन चतुर्थांशाहून जास्त मिळतो. कॅलिफोर्नियात या योजनेला मेडि-कॅल म्हणतात, आणि तिथे हा वाटा बहुतांशी ५० टक्के आहे.

केंद्राचा पैसा मिळवायचा तर राज्याने आधी आपला वाटा उभा करायला हवा. पुढची सगळी गोष्ट या अटीभोवती फिरते.

रुग्णालयांपासून सुरुवात

१९८० च्या दशकात गरोदर स्त्रिया आणि मुलांसाठी मेडिकेडची व्याप्ती वाढत गेली. राज्यांच्या तिजोऱ्या मात्र रिकाम्या होत होत्या. तेव्हा काही राज्यांनी एक युक्ती काढली. रुग्णालयांकडून देणगी किंवा कर घ्यायचा, तो राज्याचा वाटा म्हणून दाखवायचा, केंद्राकडून तितकीच भर घ्यायची आणि रुग्णालयांना त्यांचे पैसे वाढीव बिलांच्या रूपाने परत करायचे.

गरिबांची जास्त सेवा करणाऱ्या रुग्णालयांना मेडिकेडमधून विशेष अनुदान मिळे. ते १९९० मध्ये दीड अब्ज डॉलरच्या आत होते. १९९२ मध्ये ते १७ अब्जांच्या वर गेले. वॉशिंग्टनला धडकी भरली नसती तरच नवल! १९९१ च्या अखेरीस अमेरिकी संसदेने नियम घातले. कर त्या वर्गातल्या सर्वांवर लागला पाहिजे, सारख्या दराने लागला पाहिजे आणि भरलेला कर परत मिळण्याची हमी नसावी.

मग पाळी विमा कंपन्यांची

१९९० च्या दशकात राज्यांनी मेडिकेडचे रुग्ण विमा कंपन्यांकडे सोपवायला सुरुवात केली. कंपनीला दरमहा माणशी ठरावीक रक्कम द्यायची आणि उपचारांची जबाबदारी तिची. कायद्यात मेडिकेड सांभाळणाऱ्या कंपन्या हा वेगळा वर्ग धरलेला होता, त्यामुळे फक्त त्यांच्यावर कर लावता येई.

हिशेब सोपा करून पाहू. राज्याने कंपनीकडून १०० डॉलर कर घेतला. मग तिची माणशी रक्कम वाढवून १०० डॉलर परत दिले. त्यांतले ५० केंद्राने दिले, ५० राज्याने. कंपनीचं काही गेलं नाही. राज्याच्या हाती ५० डॉलर उरले. हे पैसे आले कुठून? देशभरातल्या करदात्यांकडून.

२००६ मध्ये लागू झालेल्या कायद्याने ही वाट बंद केली आणि जुन्या राज्यांना २००९ पर्यंत मुदत दिली. आता कर सगळ्याच प्रकारच्या आरोग्य विमा कंपन्यांवर हवा होता. पण दर वेगळे ठेवायची सवलत एका गणिती कसोटीवर मिळू शकत होती. कॅलिफोर्नियाने २०२३ च्या करात ती पुरेपूर वापरली. मेडि-कॅलच्या सदस्यामागे दरमहा १८२ डॉलर ५० सेंट, तर खासगी विम्याच्या सदस्यामागे १ डॉलर ७५ सेंट! म्हणजे कर नावाला सर्वांवर, पण जवळजवळ सगळा भार केंद्राच्या मदतीवर चालणाऱ्या योजनेवर.

यात रुग्णाचं काय?

ही निव्वळ लबाडी आहे असं म्हणून आपण मोकळे होऊ शकतो. पण डॉक्टर म्हणून मला दुसरी बाजूही दिसते. कॅलिफोर्नियात सुमारे तीन माणसांमागे एक मेडि-कॅलवर आहे. ही योजना डॉक्टरांना कमी मोबदला देते, म्हणून अनेक डॉक्टर हे रुग्ण घेत नाहीत. हातात कार्ड आहे, पण तपासायला डॉक्टर नाही. मधुमेहाच्या रुग्णाला वेळेवर भेट मिळाली नाही, तर तो पायाची जखम चिघळल्यावर थेट इमर्जन्सीत येतो. या करातून मोबदला वाढेल अशी आशा होती. पण बराचसा पैसा राज्याच्या अंदाजपत्रकातली तूट भरण्याकडे वळू लागला.

म्हणून नोव्हेंबर २०२४ मध्ये ३५ क्रमांकाचा प्रस्ताव मतदानाला आला. हा कर राज्याच्या कायद्यात कायम करावा आणि पैसा मेडि-कॅलच्या उपचारांसाठीच राखावा, अशी त्यात तरतूद होती. दोन तृतीयांशांहून अधिक मतदारांनी होकार दिला.

आठच महिन्यांत, ४ जुलै २०२५ रोजी, अध्यक्ष ट्रम्प यांनी सही केलेल्या कायद्याने अशा विषम दरांची पळवाट बंद केली. चालू करांना थोडी मुदत मिळाली, इतकंच. मतदारांनी जो पैसा राखून ठेवला, तो मुळात त्यांच्या राज्याचा नव्हताच.

आपण काय घ्यावं?

आरोग्यासाठी नवा कर किंवा अधिभार आल्याची बातमी वाचाल, तेव्हा तीन प्रश्न विचारा. तो शेवटी कोणाच्या खिशातून जातो? तो उपचारांसाठीच राखलेला आहे का? आणि दुसऱ्या कोणाच्या मर्जीवर तो उद्या बंद पडू शकतो का? कॅलिफोर्नियाने दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मतपेटीतून मिळवलं. पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाने घात केला. मधुमेहाचं औषध आयुष्यभर घ्यावं लागतं. त्याचा खर्च ज्या पैशातून होतो, तोही तितकाच टिकाऊ असायला हवा.

आजोबांना मी हे सगळं थोडक्यात सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे पैसा गोल फिरला, आणि पेशंट रांगेतच राहिला." मी त्यांच्या रक्तदाबाचा आकडा लिहून घेतला. माझ्याकडे यापेक्षा चांगला सारांश नव्हता.