बायबॅकची कुळकथा

पळस्पे फाट्याला गोव्याचा रस्ता सोडून जुन्या पुणे रस्त्याने निघालं की पुढे दांड फाट्याला रसायनीचं वळण लागतं. तिथे पाताळगंगेच्या परिसरात १९८२ साली रिलायन्सचा पॉलिस्टर धाग्याचा कारखाना सुरू झाला. कंपनीने आपलेच शेअर बाजारातून विकत घ्यायचे, म्हणजेच बायबॅक, याला तेव्हा आपल्याकडे सरळ मनाई होती.

मनाईचं मूळ इंग्लंडात. रॉचडेलच्या एका फ्लॅनेल कंपनीने मयत भागधारकाचे शेअर त्याच्या वारसांकडून घेतले आणि सगळे पैसे चुकते होण्याआधीच ती बुडाली. उरलेली रक्कम वारसांनी मागितली. १८८७ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने ती नाकारली: भांडवल ही धनकोंची हमी, ती भागधारकांना अशी परत करता येणार नाही. आपल्या १९५६च्या कंपनी कायद्यातलं कलम ७७ याच घराण्यातलं. ते ढिलं झालं ३१ ऑक्टोबर १९९८च्या अध्यादेशाने.

भावाचं गणित सोपं आहे, फसवंही. नफा १०० कोटी, शेअर १० कोटी, म्हणजे शेअरमागे १० रुपये. एक कोटी शेअर विकत घेऊन रद्द केले की तेच होतात ११ रुपये ११ पैसे. नफा दमडीनेही वाढलेला नसतो. तिजोरी मात्र हलकी होते, त्या रकमेवरचं व्याजही जातं. तरी भाव चढतो, कारण खुद्द कंपनीलाच आपला शेअर स्वस्त वाटतोय असा अर्थ बाजार काढतो.

पण बोलणं वेगळं, घेणं वेगळं. जानेवारी २०१२मध्ये रिलायन्सने ८७० रुपयांपर्यंतच्या भावाने १०,४४० कोटींच्या बायबॅकची घोषणा केली. मधल्या काळात भाव सातशेच्याही खाली गेला, आणि वर्षाअखेर खर्च झाली होती जेमतेम एक तृतीयांश रक्कम. २०१३मध्ये सेबीने बाजारातून होणाऱ्या बायबॅकची मुदत सहा महिन्यांवर आणली आणि निम्मी रक्कम तरी खर्च करायची सक्ती केली. हे आधीच व्हायला हवं होतं.

पुढे मोठ्या कंपन्या टेंडरकडे, म्हणजे ठरलेल्या भावाने थेट भागधारकांकडून शेअर घेण्याकडे वळल्या. टीसीएसने २०१७मध्ये २,८५० रुपये हा ठरलेला भाव देऊन १६,००० कोटींचे शेअर घेतले. त्या वाटेत १५ टक्के वाटा छोट्या भागधारकांसाठी राखीव असतो. १ एप्रिल २०२५पासून बाजारातून शेअर उचलायची वाट सेबीने बंदच केली.

तेव्हा बायबॅकची बातमी आली की घोषणेच्या आकड्यावर भाळू नका; शेवटी किती शेअर रद्द झाले, ते पाहा.