गोसीखुर्द ते गोठणगाव : परकेपणाच्या दोन तऱ्हा

गोसीखुर्द हे पवनी तालुक्यातले वैनगंगेकाठचे गाव. 'खुर्द' हा शब्द फारसी, अर्थ धाकटा. आज मात्र हे नाव घेतले की गाव कुणाला आठवत नाही, धरणाचे तेहतीस दरवाजे आठवतात. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. या बुडीत क्षेत्राचा इतिहास लिहावा म्हणून मी पुनर्वसित गावठाणांतून फिरत होतो. एका आजोबांनी माझी वही बघितली आणि म्हणाले, "आपल्याच जिल्ह्यात आमी पावने होऊन बसलो, हे लिवा."

त्या वाक्याने मला लहानपणीचे दुसरे पाहुणे आठवले. दिवाळी झाली की बाजारात तिबेटी लोक स्वेटरची दुकाने मांडत. थंड मुलखातून आलेली ही माणसे आम्हा उकाड्यातल्या लोकांना लोकर विकत आणि मोडक्या मराठीत भाव ठरवत. ती दूर हिमालयातून येतात असे आम्हाला वाटे. प्रत्यक्षात त्यांच्यातले काहीजण आमच्याच जिल्ह्यात राहत होते.

१ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा होईपर्यंत अर्जुनी मोरगाव तालुका भंडाऱ्यातच होता. तिथल्या गोठणगावाजवळ १९७२ साली 'नोर्ग्येलिंग' ही तिबेटी निर्वासितांची वसाहत उभी राहिली. १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्यामागून हजारो लोक आले. कर्नाटकात बैलकुप्पे, तेव्हाच्या मध्य प्रदेशात मैनपाट अशा वसाहती झाल्या. महाराष्ट्राच्या वाट्याला आली ती इटियाडोह धरणाजवळची ही वस्ती.

परमुलखातला संसार मोठ्या दुःखांपेक्षा बारीकसारीक गोष्टींनी जास्त शिणवतो. सातू पिकवणाऱ्या हातांना इथे धानाची रोवणी शिकावी लागली. मे महिन्यातला विदर्भ सोसावा लागला. परदेशी नागरिक म्हणून नोंदणीचा दाखला वेळोवेळी नवा करून घ्यायचा. परदेशप्रवासाला पासपोर्टऐवजी पिवळे ओळखपत्र. कसायची जमीन सरकारची. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेले तिबेटी जन्माने भारतीय नागरिक ठरतात, हे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले. तरीही नागरिकत्व घेतले तर परत जाण्याचा हक्क आपणच सोडल्यासारखे होईल का, हा प्रश्न अनेकांना अडवतो.

सुखेही तशीच बारीक. लोण्याचा खारट चहा, लोसारच्या सणाला एकत्र जमलेली वस्ती, गोम्पातली प्रार्थना. शेजाऱ्यांशीही एक धागा जुळला. विदर्भात १९५६ नंतर घरोघरी बुद्धवंदना होऊ लागली होती. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन स्तूप उजेडात आला. म्हणजे ज्या धर्मासह ही माणसे इथे आली, तो या मातीला नवा नव्हता.

आता गोसीखुर्दच्या आजोबांकडे वळू. त्यांच्याकडे मतदान कार्ड आहे, रेशन कार्ड आहे, भाषा आपलीच आहे. नाही ते शेत, गोठ्यामागची चराई, घाटावरची बैठक. नव्या गावठाणात भूखंड रांगेत आखलेले; जुन्या गल्लीतले शेजारी चार रांगा पलीकडे गेले. धिवरांची नदी तलाव झाली, आणि नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून शेवटी त्याच जलाशयात येते. मोबदला जुन्या दराने मिळाल्याची तक्रार पुढे वर्षानुवर्षे चालली. २०१३ मध्ये राज्याने सुमारे १,२०० कोटींचे विशेष पॅकेज जाहीर केले, तोवर पायाभरणीला पंचवीस वर्षे उलटली होती.

सनावळी शेजारी-शेजारी मांडल्या तेव्हा मी थबकलो. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा राज्याचा पहिला कायदा १९७६ चा. तिबेटी वसाहत १९७२ ची. म्हणजे स्वतःच्या विस्थापितांसाठी कायदा करण्याच्या चार वर्षे आधी आपण परक्यांची वस्ती वसवली होती. ती वसवली यात चूक काहीच नाही, उलट अभिमान वाटावा. पण तिथे समाज एकत्र राहावा हा विचार आधी झाला होता. प्रार्थनास्थळ, सण, शेती यांना जागा होती. धरणाच्या कागदांत मात्र घरे मोजली गेली, झाडे मोजली गेली. शेजार मोजायला रकाना नव्हता.

तिबेटी वसाहत सुखी आणि आपली गावठाणे दुःखी, असा सोपा हिशेब मी मांडत नाही. तिबेटी वसाहतींमधली तरुण मुले शहरांकडे आणि परदेशाकडे निघाली आहेत, इथली नागपूर-पुण्याकडे. फरक एवढाच, की तिबेटी माणसाला आपला देश कुठे आहे ते नकाशावर बोट ठेवून दाखवता येते. आजोबांनी मला धरणाच्या भिंतीवरून पाण्याकडे हात करून सांगितले, "तेथं." मी बघितले. नुसते पाणी होते. ते मात्र बराच वेळ हात तसाच धरून उभे होते.