मठारलेली चकाकी

माझ्या गाडीची चकाकी वरून लावलेली आहे. ब्राझीलमधल्या कार्नाउबा ताडाच्या पानांवरचं मेण, गाडी धुऊन, सावलीत, पातळ थरात. उन्हापावसात ते झिजतं, पुन्हा लावावं लागतं.

आमच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीची चकाकी वेगळी. पेशवाईत कोकणातून आलेले त्वष्टा कासार इथे स्थिरावले. हंडा, बंब घडवून झाला की तो चिंचेने उजळायचा आणि गुळगुळीत हातोडीने एकसारखा ठोकत जायचा. हे मठारकाम. प्रत्येक ठोक्याची खळी आरशासारखी चमकते आणि त्याच ठोक्यांनी पत्रा कडकही होतो.

पुढे स्टील आलं, गिझर आले. आळीतले ठोके विरळ झाले. वॅक्सचा डबा संपला तर दुसरा मिळतो. मठारणारा हात मात्र वर्षानुवर्षं ठोकूनच तयार होतो.