मोहाची दारू (आरमोरी परिसर)

वैनगंगेच्या पूर्वतीरावरील आरमोरी तालुक्यात, व एकंदर गडचिरोली-चंद्रपूरच्या वनप्रदेशात, मोहाच्या फुलांपासून ऊर्ध्वपातनाने काढले जाणारे मद्य. फाल्गुन-चैत्रात पहाटे गळणारी ही मांसल, फिकट पिवळी फुले, झाडाखालचा पाचोळा आधी जाळून मोकळ्या केलेल्या जागेतून, ऊन चढण्यापूर्वी टोपल्यांत वेचली जातात. अंगणात वाळली म्हणजे ती आक्रसून तांबूस होतात आणि पुढे कित्येक महिने टिकतात. फुले पाण्यात भिजवून आंबवली की त्यांचा सडवा होतो; तो मडक्यात चढवून, खालून बेताचा जाळ देत, वाफ नळीवाटे थंड भांड्यात उतरवली असता प्रथम जी तीव्र दारू निघते ती पहिल्या धारेची. गोंड समाजात जन्म, विवाह व मृत्यू या प्रसंगीच्या विधींत तिला स्थान आहे.

संग्रहाच्या दृष्टीने या मद्याची गत स्कॉटलंडमधील बंद भट्ट्यांच्या सिंगल माल्ट व्हिस्कीहून अगदी विपरीत आहे. मागणीपेक्षा साठा फार वाढल्यामुळे आयला बेटावरील पोर्ट एलन व सदरलँडमधील ब्रोरा या भट्ट्या 1983 मध्ये बंद करण्यात आल्या, फॉलकर्कची रोझबँक 1993 मध्ये बंद झाली. परंतु गोदामांत ओकच्या पिंपांतून मुरत पडलेला माल, दरसाल सुमारे 2 टक्के हवेत विरत असूनही, शिल्लक राहिला, आणि 2001 पासून पोर्ट एलनच्या मोजक्या बाटल्या विक्रीस येऊ लागल्यावर उरलेल्या साठ्याची घट हीच किमतीची वाढ ठरली.

रोझबँक बंद झाली त्याच वर्षी गडचिरोली जिल्ह्यात, दीर्घ लोकचळवळीनंतर, दारूबंदीचा अंमल सुरू झाला. मोहाची दारू पिंपात मुरवण्याची रीत येथे मुळातच नाही. ती गाळावी आणि प्यावी. जी सापडते ती मुद्देमाल म्हणून जप्त होते, सडवा जागीच ओतला जातो, आणि पंचनाम्यात लिटर व किंमत यांखेरीज काही उरत नाही: कोणत्या रानातली फुले, कोणत्या हाताची भट्टी, हा संग्राहकाला प्राणप्रिय असलेला तपशील सरकारी दप्तराला निरुपयोगी. याबद्दल हळहळणारा रसिक बहुधा दूरच्या शहरात राहणारा असतो. दारूने संसार उद्ध्वस्त झालेल्या ज्या स्त्रिया या बंदीसाठी उभ्या राहिल्या, त्यांना त्या हळहळीचे प्रयोजन समजावून सांगणे कठीण आहे.

ब्रोरा 2021 मध्ये पुन्हा सुरू झाली, मागोमाग रोझबँक व पोर्ट एलनही. चंद्रपूर जिल्ह्यात 2015 मध्ये लागू झालेली बंदी 2021 मध्येच उठली. गडचिरोलीत ती कायम आहे. त्यामुळे वैनगंगेच्या पश्चिमेस, चंद्रपूरच्या बाजूला, परवान्याची दुकाने पुन्हा उघडली. मात्र तेथे देशी म्हणून मिळते ती मळीच्या मद्यार्काची, मोहाची नव्हे.