दोन केबल आणि एक ब्रिज : एका जुन्या गृहीतकाची गोष्ट

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षात माझे जवळपास दोन आठवडे अशा एका अडचणीत गेले, जिचा माझ्या विषयाशी काडीचाही संबंध नव्हता. लॅबच्या सर्व्हरवर सिम्युलेशनसाठी एक व्हर्च्युअल मशीन तयार केलं होतं. सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डं होती. त्यांचा मिळून एक बाँड केला आणि तो बाँड ब्रिजला जोडला. सर्व्हर स्वतः व्यवस्थित चालायचा, पण आतलं मशीन मध्येच नेटवर्कवरून गायब व्हायचं आणि थोड्या वेळाने आपोआप परत यायचं. केबल बदलल्या, कार्ड बदललं, ऑपरेटिंग सिस्टीम पुन्हा टाकली. फरक शून्य. शेवटी कारण समजलं ते या दोन तंत्रांचा इतिहास वाचल्यावर. म्हणून आज तो इतिहास.

आधी ब्रिजबद्दल. नेटवर्कचे दोन तुकडे जोडायचे आणि कोणतं यंत्र कोणत्या बाजूला आहे हे लक्षात ठेवायचं, एवढंच ब्रिजचं काम. ते तो कसं करतो? आलेल्या प्रत्येक फ्रेमवर पाठवणाऱ्याचा एमएसी पत्ता असतो. तो ज्या पोर्टवरून आला, त्या पोर्टसमोर ब्रिज त्याची नोंद करतो. ब्रिज कोणालाही विचारत नाही, फक्त बघून शिकतो. आज आपण वापरतो तो स्विच म्हणजे अनेक पोर्टचा ब्रिजच.

या शिकण्यात एक धोका आहे. दोन ठिकाणांमध्ये दोन वाटा असल्या, की फ्रेम एका वाटेने जाते आणि दुसरीने परत येते, मग फिरतच राहते. १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये काम करणाऱ्या रेडिया पर्लमन यांनी यावर स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल शोधला. जास्तीच्या वाटा बंद ठेवायच्या आणि चालू वाट तुटली तरच त्या उघडायच्या. १९९० मध्ये आयईईईच्या ८०२.१डी मानकात ही पद्धत आली. म्हणजे ब्रिजच्या जगात दुसरी केबल हे संकट होतं.

बाँडिंगचा जन्म मात्र बरोबर उलट्या गरजेतून झाला. १९९४ मध्ये नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी साध्या बाजारी संगणकांचा एक क्लस्टर उभा केला. त्याचं नाव बेवुल्फ. त्यात १६ प्रोसेसर होते. १० मेगाबिटचं एक इथरनेट त्यांना पुरत नव्हतं आणि स्विच तेव्हा फार महाग होते. म्हणून बेकर यांनी लिनक्सचे ड्रायव्हर बदलून पॅकेट आळीपाळीने एकाहून अधिक इथरनेटवरून पाठवायची सोय केली. लिनक्समधला आजचा बाँडिंग ड्रायव्हर त्याच कामातून आला आहे. तिथे दुसरी केबल ही कमाई होती.

आता इथे थांबून एक गोष्ट लक्षात घ्या. आळीपाळीची ही पद्धत, म्हणजे आजचा बॅलन्स-आरआर मोड, दोन्ही केबल वेगवेगळ्या नेटवर्कमध्ये जात असतील तेव्हा ठीक चालते. पहिलीवरून गेलेली फ्रेम दुसरीवरून परत यायला वाटच नसते. माझ्या सर्व्हरच्या दोन्ही केबल मात्र एकाच स्विचमध्ये होत्या आणि त्या एकत्र आहेत हे स्विचला कोणी सांगितलं नव्हतं.

मग काय घडत होतं ते पायरीपायरीने बघू. व्हर्च्युअल मशीन कोणाचा तरी पत्ता विचारायला एआरपी ब्रॉडकास्ट पाठवायचं. ब्रिज नोंद करायचा, की हे मशीन आतल्या पोर्टवर आहे. फ्रेम पहिल्या कार्डातून स्विचकडे जायची. ब्रॉडकास्ट असल्यामुळे स्विच ती बाकी सगळ्या पोर्टवर पाठवायचा, त्यात आमचं दुसरं कार्डही आलं. तिथून ती बाँडमार्गे परत ब्रिजकडे. ब्रिज काय शिकणार? हे मशीन आता बाँडच्या बाजूला, म्हणजे बाहेर आहे! मग खरं उत्तर बाँडवरून आलं, की ब्रिज म्हणायचा, हा पत्ता तर याच पोर्टवर आहे, पुढे द्यायची गरज नाही. फ्रेम तिथेच टाकून दिली जायची. मशीन पुन्हा काही पाठवेपर्यंत ही चुकीची नोंद तशीच राहायची. ब्रिजचा एमएसी तक्ता उघडून पाहिला, तेव्हा आमच्याच मशीनचा पत्ता बाँडसमोर लिहिलेला होता.

२००७ मध्ये केव्हीएम लिनक्स कर्नलमध्ये आलं आणि एकाच सर्व्हरमध्ये बाँड, ब्रिज, व्हर्च्युअल मशीन ही रचना सर्रास दिसू लागली. बाँडिंगच्या मुळाशी कल्पना अशी, की फ्रेम या संगणकाच्या स्वतःच्या असतील. ब्रिज मागे आला, की दुसऱ्यांच्या पत्त्याच्या फ्रेमही त्यातून जायला लागतात. बॅलन्स-एएलबी मोड भार वाटण्यासाठी एआरपी उत्तरातला एमएसी पत्ताच बदलतो. ब्रिजमधून आलेल्या एआरपीला हात लावायचा नाही, अशी अट त्याच्या कोडमध्ये वेगळी घालावी लागली, ती याचमुळे.

तर मग बरोबर रचना कोणती? कार्डं बाँडमध्ये, बाँड ब्रिजमध्ये आणि आयपी पत्ता ब्रिजवर, बाँडवर नाही. स्विचवर सेटिंग करता येत असेल, तर ८०२.३एडी मोड घ्या. २००० सालच्या या मानकातला एलएसीपी दोन्ही बाजूंना कळवतो, की या केबल मिळून एकच वाट आहे. मग स्विच त्याच गटात फ्रेम परत पाठवत नाही. मात्र एका जोडणीला एकाच केबलचा वेग मिळतो, दुप्पट नाही. स्विच हातात नसेल, तर अ‍ॅक्टिव्ह-बॅकअप वापरा. त्यात राखीव कार्डावर परत आलेली ब्रॉडकास्ट ब्रिजपर्यंत पोचत नाही. माझ्याकडे स्विचचा पासवर्ड नव्हता, मी हाच मोड लावला. त्यानंतर सिम्युलेशन आठवडाभर न तुटता चाललं.

संशोधनाची तयारी करताना आपण एखादं साधन कसं वापरायचं ते शिकतो. पण ते कोणासाठी आणि कोणत्या परिस्थितीत बनलं हे सहसा विचारत नाही. सांख्यिकी चाचणी असो, सॉफ्टवेअर असो किंवा प्रयोगाची पद्धत, वापरण्याआधी अर्धा तास तिच्या जन्मकथेला द्या. मी तो दिला नाही, त्याची किंमत दोन आठवडे होती.