हवेत संपणारे रस्ते

अमेरिकेत पोर्टलंडला विलामेट नदीवर मार्क्वम नावाचा दुमजली पूल आहे. आय-5 हायवे त्यावरून जातो. 1966 साली तो उघडला तेव्हा शहराच्या कला आयोगाने तो कुरूप असल्याची तक्रार केली होती, आणि मला विचाराल तर त्यात काही खोटं नाही. पण पूर्वेचं टोक नीट पाहा. तिथे रॅम्पचे तुकडे आहेत जे कुठेच जात नाहीत. हवेतच संपतात.

इथून माउंट हूड फ्रीवे निघणार होता. मूळ कल्पना 1943 ची, न्यूयॉर्कच्या रॉबर्ट मोझेस या बड्या प्रस्थाची. (आयुष्यभर रस्ते बांधले, स्वतः मात्र गाडी चालवत नसे!) डिव्हिजन आणि पॉवेल या रस्त्यांच्या पट्ट्यातली सुमारे 1,750 घरं त्यात जाणार होती. सरकारने घरं विकत घ्यायला, पाडायलाही सुरुवात केली होती. अशाच एका मोकळ्या झालेल्या जागेवर आज पिकोलो पार्क नावाची छोटीशी बाग आहे.

लोक कोर्टात गेले. फेब्रुवारी 1974 मध्ये जज जेम्स बर्न्स यांनी मार्ग निवडण्याची प्रक्रियाच सदोष ठरवली, आणि जुलैमध्ये नगर परिषदेने 4 विरुद्ध 1 मतांनी फ्रीवे रद्द केला. पण खरी गोम पैशात होती. केंद्राकडून आलेला निधी परत जाणार म्हटल्यावर कुठला महापौर रस्त्याला नाही म्हणेल? 1973 च्या कायद्याने मात्र रद्द हायवेचे पैसे सार्वजनिक वाहतुकीकडे वळवता येऊ लागले. महापौर नील गोल्डश्मिट यांनी तेच केलं. त्यातून मॅक्स ट्रेनचा पहिला मार्ग 1986 साली सुरू झाला. पुढे 1998 मध्ये ही ट्रेन हिल्सबरोपर्यंत गेली, म्हणजे थेट इंटेलच्या गावात. आपली बरीच मराठी मंडळी तिकडेच असतात.

इथपर्यंत गोष्ट छान आहे. पण हाच आय-5 नदीच्या पूर्वेला थोडा वर अल्बिना वस्तीतून जातो. ही कृष्णवर्णीयांची वस्ती. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथली शेकडो घरं पाडली, तेव्हा ना कोर्ट आडवं आलं ना कायदा. पर्यावरण अहवाल सक्तीचा करणारा कायदाच मुळी 1970 मध्ये लागू झाला! त्यानंतरही अल्बिनात हॉस्पिटलच्या विस्तारासाठी घरं पाडली गेली. मग केंद्राचा पैसा आटला, आणि त्यातले बरेचसे प्लॉट कित्येक दशकं नुसते गवत वाढवत पडून राहिले.