करेज्माचे दिवस: गोव्यातील उपवासकाळ आणि दानधर्म

ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस ख्रिस्ती समाजात उपवासाचे आणि प्रायश्चित्ताचे मानले जातात. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावून या काळाला सुरुवात होते. ही राख आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून केलेली असते. रविवार उपवासात धरत नाहीत, त्यामुळे राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचे अंतर प्रत्यक्षात सेहेचाळीस दिवसांचे भरते. वसईकडच्या मराठीभाषक ख्रिस्ती समाजात याला उपवासकाळ किंवा प्रायश्चित्तकाळ म्हणतात. गोव्यात पोर्तुगीजांकडून आलेले ‘करेज्म’ हे नाव रुळले आहे. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान केव्हाही येतो. म्हणून गोव्यातला करेज्म बहुधा थंडी सरताना सुरू होतो आणि ऐन उन्हाळ्यात संपतो. त्याच्या आधीचे तीन-चार दिवस ‘इंत्रुज’चे, म्हणजे कार्निव्हालचे. खाणेपिणे, खेळ आणि धांगडधिंगा यांची हौस त्यात भागवून घ्यायची आणि मग मांस बंद करायचे, असा हा क्रम आहे.

प्रार्थना, उपवास आणि दान या तीन गोष्टी बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानात एकापाठोपाठ येतात. चर्चच्या पहिल्या काही शतकांत त्यांची सांगड फार व्यवहारी पद्धतीने घातली गेली होती. उपवासामुळे जेवणाचा जो खर्च वाचला, तो हिशेब करून विधवेला, अनाथाला किंवा गरजूला द्यावा, असा उपदेश दुसऱ्या शतकातल्या ‘हर्मासचा मेंढपाळ’ या ग्रंथात आहे. पाचव्या शतकातला पोप पहिला लिओ याच्या उपवासकाळातल्या प्रवचनांतही हाच धागा पुन्हा पुन्हा येतो. स्वतःचे पोट मारून वाचवलेले धान्य घरातच राहिले तर त्याला उपवास न म्हणता काटकसर म्हणावे लागेल, असा या शिकवणीचा रोख होता. पुढे युरोपात दानाचे काम व्यक्तीकडून संस्थेकडे गेले आणि गोव्यात ते आले तेही संस्थेच्याच रूपात.

नोव्हेंबर १५१० मध्ये अफोन्सो द आल्बुकेर्क याने गोवा जिंकून घेतला. त्याच्या बारा वर्षे आधी, १४९८ साली, लिस्बनमध्ये राणी लियोनोर हिच्या पुढाकाराने ‘सांता काझा द मिझेरिकोर्दिया’ ही दयाधर्म संस्था स्थापन झाली होती. पोर्तुगीज जिथे जिथे ठाणी वसवत गेले तिथे तिथे किल्ला, चर्च आणि मिझेरिकोर्दिया अशी त्रयी उभी राहत गेली. गोव्यात ही संस्था सत्तांतरानंतर साधारण दहा वर्षांतच आली. वसई, चौल, दमण आणि दीव येथेही तिच्या शाखा निघाल्या. चौदा दयाकृत्ये हा तिच्या नियमांचा पाया होता. भुकेल्याला अन्न देणे, तहानेल्याला पाणी देणे, उघड्याला वस्त्र देणे, आजाऱ्याची व कैद्याची भेट घेणे, वाटसरूला आसरा देणे, बंदिवानाला सोडवणे आणि मृताला मूठमाती देणे ही सात शरीराची. अज्ञान्याला शिकवणे, दुःखिताचे सांत्वन करणे, अपराध्याला क्षमा करणे अशी आणखी सात आत्म्याची.

संस्थेचा कारभार काटेकोर होता. दरवर्षी २ जुलैला, मरियाभेटीच्या सणाला, पदाधिकाऱ्यांची निवड होई. मुख्याला प्रोवेदोर म्हणत आणि त्याच्यासह तेरा जणांचे मंडळ काम पाही. तुरुंगातल्या गरिबांना जेवण पुरवणे, कर्जापायी अडकलेल्यांना सोडवणे, फाशी जाणाऱ्याला वधस्थानापर्यंत सोबत करणे आणि नंतर त्याचे दफन करणे ही कामे तिच्याकडे होती. गरिबांचे रुग्णालय आणि कुष्ठरोग्यांचे सेंट लाझारस रुग्णालय यांच्याशीही तिचा संबंध होता. फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात उतरला तेव्हा त्याने राजप्रासादापेक्षा रुग्णालयात मुक्काम पसंत केला आणि शहराबाहेरच्या कुष्ठरोग्यांकडे तो जात असे. सतराव्या शतकाच्या आरंभी आर्चबिशप आलेशो द मेनेझेस याच्या काळात स्त्रियांसाठी दोन आश्रयगृहे निघाली: ‘नोसा सेन्योरा द सेरा’ अनाथ व कुलीन मुलींसाठी आणि ‘सांता मारिया मादालेना’ वाट चुकलेल्या मानल्या गेलेल्या स्त्रियांसाठी. दोन्हींची देखरेख मिझेरिकोर्दियाच करी. ‘राजाच्या अनाथ मुली’ म्हणून लिस्बनहून लग्नासाठी पाठवल्या जाणाऱ्या मुलींचाही मुक्काम सेरामध्ये असे.

पैसा कुठून येई, हा प्रश्न रंजक आहे. पूर्वेकडे कुठेही पोर्तुगीज माणूस मेला, की त्याची मालमत्ता जमा करून पोर्तुगालमधल्या वारसांपर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी मिझेरिकोर्दियावर होती. मृत्युपत्रांतून देणग्या येत, त्या वेगळ्या. त्यामुळे धर्मादाय संस्थेची पेटी एखाद्या पेढीसारखी भरलेली असे, आणि सरकारी तिजोरीत खडखडाट झाला की व्हाइसरॉयची नजर तिच्याकडे वळे. अशी उसनवार वारंवार झाली.

करेज्माशी या संस्थेचे नाते पवित्र आठवड्यात सर्वांत ठळक दिसे. पवित्र गुरुवारच्या रात्री मिझेरिकोर्दियाची प्रायश्चित्ताची मिरवणूक निघे. पाठीवर आसूड ओढून घेणारे पश्चात्तापी त्यात असत. वर्षभर हिशेबवह्या सांभाळणारे बंधू त्या रात्री मशाली घेऊन रस्त्यावर येत. दानधर्म आणि देहदंड ही एकाच मंडळींची कामे होती. मात्र ही मंडळी कोण होती, तेही पाहायला हवे. बंधुत्वाची दारे प्रामुख्याने पोर्तुगीजांना उघडी होती आणि मदतीचा मोठा वाटाही त्यांच्याच विधवा, अनाथ आणि आजारी सैनिकांना मिळे. नव्याने ख्रिस्ती झालेला गोवेकर या दयेच्या रांगेत बराच मागे उभा होता.

त्याने स्वतःची व्यवस्था गावात उभी केली. प्रत्येक फ्रेगेजीत, म्हणजे धर्मग्रामात, ‘कोंफ्रारिया’ निघाल्या. पवित्र संस्कार, रोझरी, मृतांचे आत्मे अशा नावांच्या या बंधुसंघांचे सभासद पांढऱ्या किंवा रंगीत झग्यावर आखूड अंगरखा घालत; या वेषाला गोव्यात ‘ओप-मुर्स’ म्हणतात. सभासद वारला की बाकीच्यांनी त्याच वेषात अंत्ययात्रेला जायचे, मेणबत्त्या धरायच्या, त्याच्यासाठी मिस्सा म्हणवून घ्यायची. गरीब घराला याचा मोठा आधार असे, कारण दफनाचा खर्च आणि त्यातला मान दोन्ही सांभाळले जात. गावकऱ्या, म्हणजे पोर्तुगीज ज्यांना कोमुनिदाद म्हणत त्या ग्रामसंस्था, चर्चच्या सणांना आपल्या उत्पन्नातून रक्कम देत. १५४० नंतर देवळे पाडली गेली आणि त्यांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चकडे वळवले गेले. त्यामुळे नव्या सणांच्या खर्चामागे अनेक ठिकाणी जुन्याच शेतांचे भात होते.

जुन्या शेतांबरोबर जुनी जातही आली. एकाच चर्चमध्ये बामणांची कोंफ्रारिया वेगळी, चारड्यांची वेगळी आणि शूद्रांची आणखी वेगळी, असा प्रकार अनेक गावांत होता. ओप-मुर्साच्या रंगावरून माणसाची जात दुरून कळे. करेज्मातल्या मिरवणुकीत क्रूस कोणी धरायचा, मूर्ती कोणी उचलायची, छत्र कोणाच्या हाती, यावरून तंटे झाले आणि काही तंटे पिढ्यान्‌पिढ्या चालले. नम्रतेच्या चाळीस दिवसांत मानपानाचे इतके वाद व्हावेत, हा विरोधाभास धर्मगुरूंनाही कळत होता. पण कोंफ्रारियांची वर्गणी आणि मनुष्यबळ यांशिवाय चर्चचे वर्ष पार पडत नव्हते. विसाव्या शतकात अशा जातवार संघांवर चर्चने बंधने आणली, तरी मानाच्या हक्कांची कुरबुर पुरती संपली नाही.

उपवासाच्या नियमांनाही पैशाचा पदर होता. मांसाबरोबर अंडी आणि दूधदुभतेही वर्ज्य असण्याच्या काळात पोर्तुगाल व त्याच्या वसाहतींत ‘बुला द क्रुझाद’ नावाचे सवलतपत्र मिळे. ठरावीक दान देऊन ते घेतले की उपवासाचे काही निर्बंध सैल होत. गोव्याच्या किनाऱ्यावर मासळी मुबलक असल्याने मांसबंदीचा जाच तसा कमीच. पेज, सुकी मासळी आणि भाजी यांवर करेज्म निभावणाऱ्या घराला सवलतपत्राची गरज पडत नसे. ती पडे खात्यापित्या घरांना.

गोव्यातल्या करेज्माला त्याचे खास रूप दिले ते मिरवणुकांनी आणि संगीताने. ऑगस्टिनियन संन्यासी १५७२ मध्ये गोव्यात आले. ख्रिस्ताच्या क्रूसवाहनाची भक्ती त्यांनी इथे रुजवली. तिला ‘सांतुस पासुस’ म्हणतात. करेज्माच्या रविवारी प्रवचन रंगात आले की पडदा सरकतो आणि दुःखसहनाचा एखादा प्रसंग मूर्तींच्या देखाव्यातून समोर येतो. मग क्रूस खांद्यावर घेतलेल्या ख्रिस्ताची मूर्ती गावातून फिरते आणि वेरोनिकाची भूमिका करणारी मुलगी ख्रिस्ताचा चेहरा उमटलेले वस्त्र उलगडत गाते. गुड फ्रायडेला ख्रिस्ताची मूर्ती क्रुसावरून उतरवतात. त्या दिवसांत घंटा मुक्या असतात, त्यांच्या जागी लाकडी खटखटे वाजते.

या प्रसंगांसाठी गोव्यातल्या संगीतकारांनी लॅटिन आणि कोकणी मोतेत, म्हणजे अनेक आवाजांत गायची भक्तिगीते, रचले. दोन-तीन आवाजांची रचना, साथीला व्हायोलिन, क्लॅरिनेट आणि घोगरा डबल बास, हा त्यांचा बाज. चर्चला जोडलेल्या शाळांत मेस्त, म्हणजे संगीतशिक्षक, मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत असत, म्हणून लहान गावातही मोतेत गाणारे आणि वाजवणारे सापडत. पुढे मुंबईच्या बँडपथकांत आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गोवेकर वादकांचा जो भरणा झाला, त्याची मुळे याच शाळांत आहेत. या शाळा गरिबांच्या मुलांना रोजीरोटीचे साधन देत होत्या. दानपेटीतल्या पैशापेक्षा हा लाभ अधिक टिकला, असे म्हणायला हरकत नाही. क्रुसावरच्या दुःखाची कथा स्थानिक भाषेतही आली होती. फादर थॉमस स्टीफन्सचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले आणि चर्चमध्ये जमलेल्या लोकांपुढे वाचले जाई.

सर्वांत प्रसिद्ध मिरवणूक गोवा वेल्हा गावची. करेज्माच्या पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी फ्रान्सिस्कन तृतीय संघाच्या संतांच्या मूर्ती खांद्यावरून निघतात. तृतीय संघ म्हणजे संसारात राहून फ्रान्सिस्कन व्रत पाळणाऱ्या गृहस्थांचा संघ. सतराव्या शतकात ही प्रथा पिळारच्या मठातून सुरू झाली. मूर्तींत राजे आणि राण्या आहेत, मुकुट बाजूला ठेवून भिकाऱ्यांची सेवा करणारे. हंगेरीची एलिझाबेथ आणि फ्रान्सचा नववा लुई हे त्या परंपरेतले प्रमुख संत. पूर्वी मूर्ती साठाहून अधिक होत्या, आता तीसच्या आसपास निघतात. रोमखेरीज अशी मिरवणूक इथेच निघते, असे गावकरी अभिमानाने सांगतात. सोबत मोठी जत्रा भरते आणि तिथले हातपंखे प्रसिद्ध आहेत. मार्चच्या उकाड्यात त्यांचा खप होणारच. हिंदू शेजारीही या दिवशी मोठ्या संख्येने येतात.

अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत ही सारी घडी विस्कटली. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई घेतली आणि उत्तर फिरंगाणातल्या, म्हणजे वसईकडच्या पोर्तुगीज मुलखातल्या, धर्मादाय संस्थांचा आधार गेला. तिथले ख्रिस्ती मात्र देशी धर्मगुरूंच्या हाताखाली आपले उपवास पाळत राहिले. पोर्तुगालमधल्या उदारमतवादी सरकारने धर्मसंघ बरखास्त केले तेव्हा, १८३५ मध्ये, गोव्यातले मठ ओस पडले. ऑगस्टिनियनांच्या ग्रासा चर्चचे छत १८४२ मध्ये कोसळले. पिळारच्या मूर्तींचीही आबाळ झाली. त्यांची मिरवणूक पुढे गोवा वेल्हाच्या सेंट आंद्रे चर्चमधून निघू लागली. रोगराईने जुने गोवे उजाड झाले तशी मिझेरिकोर्दियाही तिथून हलली. रायबंदरला तिचे रुग्णालय चालत असे. विसाव्या शतकात पैसा उभारायला तिने लॉटरीही काढली.

संन्यासी गेले तरी मिरवणुका राहिल्या, कारण त्या आता गावाच्या झाल्या होत्या. दानधर्माच्या संस्थेचे तसे झाले नाही. ती मुळात राज्यकर्त्यांची होती आणि तिचे काम हळूहळू सरकारी खात्यांकडे गेले. आज गोव्यातले वृद्धाश्रम चालवणारी सार्वजनिक साहाय्य संस्था ‘प्रोवेदोरिया’ म्हणूनच ओळखली जाते. गावपातळीवरचे दान घरगुती चालीरीतींत शिल्लक राहिले. लग्नाआधी पूर्वजांच्या स्मरणार्थ गरिबांना पानात वाढायचे ‘भिकाऱ्यांचे जेवण’ ही त्यांतली एक. ती करेज्माची नव्हे, पण त्याच वृत्तीतली.

दान आणि उपवास यांची पुन्हा गाठ पडली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. प्रायश्चित्त अंतःकरणापुरते आणि एकट्यापुरते न ठेवता सामाजिकही असावे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात म्हटले. फेब्रुवारी १९६६ मध्ये पोप सहावा पॉल याने सक्तीचे उपवास राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवसांपुरते ठेवले आणि सुखवस्तू समाजांत संयमाबरोबर गरिबांसाठी त्यागाची अपेक्षा व्यक्त केली. जर्मनीच्या कॅथलिक बिशपांनी १९५८ मध्येच उपवासकाळातल्या निधीसाठी मिझेरेओर ही संस्था काढली होती आणि तिचा पैसा भारतातल्या विकासकामांनाही मिळू लागला. भारतीय बिशपांची कॅरितास इंडिया १९६२ ची. भूक आणि रोग यांविरुद्धची तिची मोहीम दरवर्षी उपवासकाळातच चालते: चर्चमध्ये पत्रके लागतात, मुलांना घरी न्यायला दानपेट्या किंवा पाकिटे मिळतात, टाळलेल्या खर्चाचे पैसे त्यांत पडतात आणि ईस्टरच्या सुमारास ती परत गोळा होतात. उपासना मराठीत आणि कोकणीत होऊ लागल्याने वसईतही गोव्यातही शुक्रवारची ‘क्रुसाची वाट’ लोकांच्या भाषेत म्हटली जाते. तिच्या चौदा थांब्यांवरच्या प्रार्थनांत स्थलांतरित मजूर, व्यसनाधीन, जमीन गमावलेले शेतकरी यांचे उल्लेख येतात. विन्सेंट द पॉल संघाचे स्वयंसेवक याच आठवड्यांत गरजू घरांची यादी नव्याने तपासतात. रेशन, औषधे आणि शाळेची फी यांची सोय लावतात. या याद्यांत सगळ्या धर्मांची घरे असतात.